पडलेलं घड्याळ आणि ‘पॅराशॉक’

प्रश्न : एचएमटीचं चावीचं घड्याळ टाइल्सवर पडलं. चालू आहे, पण दिवसाला १५ मिनिटं पुढे जातंय. डायलवर ‘पॅराशॉक’ छापलेलं असूनही असं का?

उत्तर : पॅराशॉक ही धक्का झेलणारी रचना सगळं घड्याळ सांभाळत नाही, बॅलन्स चाकाच्या (मागे-पुढे हलून वेळ राखणाऱ्या चाकाच्या) आसाची दोन टोकं तेवढी सांभाळते. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवायला घेतली, तिथून हे नाव आलं. स्विस घड्याळांत हेच काम इन्काब्लॉक करतं. बॅलन्सची कड जड आणि टोक जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, म्हणून झटक्यात आधी तेच मोडतं. ते वाचावं म्हणून टोकाचं ज्वेल (टोक ज्यात फिरतं तो भोकाचा खडा) आणि त्यावर झाकणासारखं बसणारं कॅप ज्वेल पक्कं न ठोकता एका सुट्या वाटीत बसवतात आणि बारीक स्प्रिंगने दाबून धरतात. झटक्याने वाटी सरकते, आसाचा जाड खांदा बाजूच्या धातूला टेकतो आणि भार घेतो. बैठक उतरती असल्याने वाटी परत मध्यावर येते.

बॅलन्सला मागे-पुढे हलवणाऱ्या बारीक वेढ्यांच्या हेअरस्प्रिंगला असं संरक्षण नाही. एवढं पुढे जाणं म्हणजे बहुधा तिचे वेढे एकमेकांना चिकटलेत किंवा बाहेरचा वेढा रेग्युलेटरच्या (वेग कमी-जास्त करायच्या पट्टीच्या) पिनेत अडकलाय. स्प्रिंगची चालती लांबी घटली की बॅलन्स भराभर हलतो. चुंबकत्वानेही वेढे चिकटतात, म्हणून आधी डीमॅग्नेटाइझ करून पाहा; काम दोन मिनिटांचं आहे. टोक वाकलं असतं तर घड्याळ डायल वर आणि डायल खाली ठेवल्यावर वेगवेगळं चाललं असतं किंवा थांबलं असतं. तसं नसेल तर आस बदलून घेऊ नका.

घड्याळ धक्का सोसतं का ते तपासायच्या आयएसओ १४१३ या मानकातला धक्का १ मीटरवरून कठीण लाकडावर पडण्याइतका असतो. टाइल्स त्याहून कडक.

प्रश्न : सर्व्हिसिंगला शॉकची (वाटी दाबून धरणारी) स्प्रिंग उघडावी लागते का?

उत्तर : हो, नक्की. तेल सुकून बैठक चिकट झाली की वाटी सरकते, पण मध्यावर परतत नाही. बॅलन्स तिरका चालतो. स्प्रिंग चिमट्याने सोडवावी, पण बिजागरीतून पूर्ण काढू नये. उडाली तर सापडत नाही. दोन्ही ज्वेल बेंझिनमध्ये धुवावीत. कॅप ज्वेलच्या सपाट बाजूवर पातळ तेलाचा थेंब मधोमध ठेवावा, कडेपर्यंत पसरू देऊ नये. कडेला लागलं तर तेल ओढलं जातं आणि टोक कोरडं पडतं. आसाच्या दुसऱ्या टोकाचं, डायलखालचं ज्वेलही उघडायला सांगा. डायल काढण्याचा कंटाळा करून बरेच जण ते तसंच सोडतात.