खिमा भरलेले पॅनरोल घरी सोप्या पद्धतीने कसे करायचे? माझी पोळी फाटते आणि तळताना रोल सुटतात.

पॅनरोल म्हणजे मैदा-अंड्याच्या पातळ पोळीत खिमा गुंडाळून, अंड्यात आणि टोस्टच्या चुऱ्यात घोळवून तळलेला गोवन रोल. विकतची स्प्रिंग रोलची पट्टी आणून त्यात खिमा गुंडाळायचा विचार असेल, तर पुढचं वाचू नका. हे आधीच लिहिते, कारण खाली कोणी ना कोणी "पट्टी वापरा, सोप्पं पडतं" असं सांगणार आहेच. आमच्या घरात हा वाद बरीच वर्षं चालू आहे आणि माझं मत जराही हललेलं नाही.

मी सीकेपी घरातली. खिमा कसा परतायचा हे मला कोणी शिकवायला नको. पॅनरोल मात्र मी लग्नानंतर शिकले, मालाडला ऑर्लेमला राहायला गेल्यावर, वरच्या मजल्यावरच्या गोवन आंटींकडून. त्या ख्रिस्ती वस्तीत बारसं असो, लग्न असो, नाताळ असो, पोटॅटो चॉप (खिमा भरलेली बटाट्याची टिक्की) आणि क्रोके (खिम्याचे तळलेले लांबट गोळे) यांच्या शेजारी पॅनरोल असतोच. आंटी बीफचा करायच्या, गोव्यात तोच जास्त चालतो. (महाराष्ट्रात 2015च्या गोवंश हत्याबंदीपासून बीफ म्हणजे म्हशीचंच.) मी मटणाचा करते. पोळीचं तंत्र दोन्हींना एकच आणि खरी मेख तिथेच आहे.

आंटी पोळी एकाच बाजूने भाजायच्या. उलटायचीच नाही. वरचा ओलेपणा गेला, कडा सुटल्या की पोळी ताटात उपडी टाकायची, म्हणजे भाजलेली बाजू वर येते. खिमा त्या भाजलेल्या बाजूवर ठेवायचा. कच्ची बाजू बाहेर राहते, तिला अंडं आणि चुरा नीट धरतो आणि ती तळताना शिजते. दोन्हीकडून खरपूस भाजलेली पोळी कडक होते, वळताना मोडते. तुमची फाटते ती बहुधा याचमुळे, नाहीतर पीठ कालवल्या कालवल्या तव्यावर घालत असाल. अर्धा तास तरी झाकून ठेवा. मैदा पाणी पितो, ताण उतरतो.

आता पट्टीचं. गटारीच्या रविवारी आम्ही सगळे डोंबिवलीला मोठ्या जाऊबाईंकडे (मी त्यांना वहिनी म्हणते) जमलो होतो. मी पॅनरोल करणार हे आधी ठरलेलं. खिमा मी घरूनच करून नेला होता, पीठ तिथे भिजवलं. मी तव्याशी उभी राहते तोच वहिनींनी फ्रीजर उघडला आणि पट्ट्यांचं पाकीट ओट्यावर ठेवलं. "अगं, इतका खटाटोप कशाला? पोळ्या घालत कधी बसणार? बाहेर मंडळी केव्हाची बसलीयेत." माझं उत्तर यायच्या आत अर्धा खिमा त्यांच्या पातेल्यात गेला होता.

माझ्या पोळ्या निम्म्या होतात न होतात, तोवर त्यांचे रोल तळून बाहेर गेले. ग्लास भरून बसलेल्या माणसांना काय, तळलेलं आणि गरम असलं की झालं. ताट जवळपास रिकामं. नंतर माझे गेले तेव्हा कोणाला फारशी भूक उरली नव्हती. सासऱ्यांनी एक घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "यात वेगळं काय आहे?" वहिनी हसल्या. तेव्हापासून कुठेही पॅनरोलचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "चव तर शेवटी खिम्याचीच असते."

नसते. पट्टीत अंडं नाही, दूध नाही. तळली की ती पापडासारखी फुटते आणि खिमा वेगळा, पापुद्रा वेगळा लागतो. पॅनरोलला बाहेर चुऱ्याचा कुरकुरीतपणा असतो आणि आत मऊ, अंड्याची पोळी. तिने खिम्याचा थोडा रस ओढून घेतलेला असतो. दुसऱ्या दिवशी उरलेले दोन्ही रोल मी घरी तव्यावर गरम केले. पट्टीचा चामड झाला होता, माझा व्यवस्थित होता. पण ते बघायला डोंबिवलीचं कोणी नव्हतं.

असो. माप लिहिते. 1 कप मैदा, 2 अंडी, दूध आणि पाणी निम्मं निम्मं मिळून सव्वा कप, चिमूटभर मीठ, 1 चमचा तेल. पीठ घावनासारखं सरसरीत हवं, पळीच्या मागे पातळ थर राहील इतकं. लहान नॉनस्टिक तवा घ्या, बिडाच्या तव्याचा अभिमान आज बाजूला ठेवा. तव्याला तेलाचा बोळा फिरवून अर्धी पळी पीठ घाला आणि तवा फिरवून पसरवा. पहिली पोळी बिघडते, ती उभ्या उभ्या खाऊन टाका.

खिमा अर्धा किलो. कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद, मिरी, लवंग-दालचिनीची पूड, शेवटी पुदिना-कोथिंबीर आणि चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर वगळू नका, पॅनरोलची ओळख ती आहे. खिमा पूर्ण कोरडा करा. पातेलं तिरकं केलं तर पाणी वाहता कामा नये. रोल सुटतात ते बहुतेक वेळा ओल्या खिम्यामुळेच. ओल राहिलीच तर पावाची एक स्लाइस कुस्करून घाला. बटाटा घालू नका. बटाटा घातला की खिमा वाढतो आणि मटणाची चव मरते. हे मी पाहुणे जास्त आणि मटण कमी असं असतानाही म्हणेन.

खिमा गार झाल्यावरच भरा. दोन चमचे पुरे, कडा आत घ्या, घट्ट वळा, शेवटच्या काठाला उरलेलं पीठ खळीसारखं लावा. जोड खाली ठेवून दहा मिनिटं तसेच राहू द्या. मग फेटलेलं अंडं आणि बेकरीच्या टोस्टचा चुरा. रवा नको, दाताखाली कचकचतो. आत सगळं शिजलेलंच असतं, म्हणून तेल चांगलं तापवा, जोडाची बाजू आधी तेलात सोडा आणि रंग आला की काढा.

कोणी बैदा रोटीची कृती पॅनरोल म्हणून सांगेल. बैदा रोटी म्हणजे मैद्याची कणीक पातळ ओढून केलेली घडी, तिला पॅनरोलसारखं सरसरीत पीठ लागतच नाही आणि ती ओढणं घरी जमतही नाही. ती मोहम्मद अली रोडला जाऊन खा.

राहिलेलं थोडं. अंडं चालत नसेल तर मला यातला पर्याय ठाऊक नाही आणि कोणी सांगितला तरी मी करणार नाही. कोंबडीचा खिमा चालतो, पण लवकर कोरडा पडतो, थोडं तूप घाला. चुऱ्यात घोळवलेले रोल न तळता डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवता येतात, आयत्या वेळी तळा. घाईच्या वेळी खरी सोय ही आहे, वहिनी. आणि हो, उन्हाळ्यात भरलेले रोल ओट्यावर तासन् तास ठेवू नका, खिमा पटकन उतरतो.