मीटर नवं, उपविधी जुनाच

जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीचे सचिव लिहितात: ‘आमचे 32 फ्लॅट. टँकर परवडेना म्हणून फेब्रुवारी 2024 च्या सभेत ठराव करून प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर बसवलं. वापर कमी झाला. एक सभासद मात्र मीटरप्रमाणे पैसे भरत नाहीत. थकबाकी 4,860 रुपये. त्यांचा व्हॉल्व्ह बंद केलाय. वसुली कशी करावी?’

सचिवसाहेब, आधी व्हॉल्व्ह उघडा. आजच. थकबाकीसाठी माणसाचं पाणी तोडलं की न्यायालयात तुमची बाजू ऐकण्याआधीच पडते.

असं पत्र दर उन्हाळ्यात येतं. उजनी भरलं तरी आपल्या नळाला रोज पाणी नाही, आणि नवं पाणी सुटलं की पिंपातलं ‘शिळं’ पाणी गटारात ओतणारे शेजारी मलाही आहेत. मीटर हवंच. पण तुमच्या उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नोंदलेल्या नियमावलीत, पाणीपट्टी कशी वाटायची? सरकारी नमुन्याचे आदर्श उपविधी असतील तर फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार पाहून. सहा नळांचं म्हातारं जोडपं जास्त भरणार, चार नळांवर आठ माणसं कमी. अन्याय आहे, पण नियम तोच आहे. तो नुसत्या ठरावानं बदलत नाही. सहकार कायद्याचं कलम 13 सांगतं, नोंदणी होईपर्यंत उपविधीतली दुरुस्ती वैध नाही.

तुम्ही पाठवलेल्या इतिवृत्ताच्या फोटोत समासात पेन्सिलीनं लिहिलंय, ‘उपनिबंधकांकडे पाठवणे’, म्हणजे दुरुस्तीची नोंदणी करणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे. पाठवलं का? नाही. सभेपासून दोन महिन्यांत प्रस्ताव जायला हवा होता. एका टपालापायी सगळी मेहनत लटकली.

आता त्या सभासदाचा हिशेब नळांप्रमाणे पुन्हा करा. जी रक्कम निघेल तीच थकबाकी. ती बुडवली तर कलम 154ब-29 खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, मागता येतो. 4,860 वर अडून सहकार न्यायालयात गेलात, तर निकालापर्यंत मीटर गंजून जाईल. बाकीच्यांनी भरलेल्या जादा पैशांचं काय, ते पावत्या आणि ठरावाचे शब्द पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

दुरुस्तीचा मसुदा जोडून सभेची नोटीस नव्यानं काढा. हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश बाजूनं हवेत. आणि या वेळी प्रस्ताव स्वतः कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या.