कमर्शियल इमारतीच्या कामावर ड्रोन डेटा ॲनालिसिसचं वर्षभराचं पॅकेज घ्यावं का? त्या रिपोर्टवर खोदाईचं बिल काढता येतं का?

बिल काढता येतं. पण पहिला पोकलेन प्लॉटवर उतरण्याआधी दोन्ही पक्षांच्या सहीच्या लेव्हल्स (मूळ जमिनीची जागोजागची उंची, खोदाई तिथूनच मोजतात) कागदावर नसतील तर काढू नका. मी हे भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२२ साली पुण्याच्या पश्चिमेला एका ऑफिस कॉम्प्लेक्सच्या कामावर मी मालकाच्या बाजूनं बिलिंग बघत होतो. सव्वादोन एकरांचा प्लॉट, दोन बेसमेंट, वर मुरूम आणि खाली आपला नेहमीचा काळा पत्थर. मे महिन्यात जमीन उघडी पडलेली असताना मी एका हेल्परला घेऊन ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावली आणि १० मीटरच्या ग्रिडवर लेव्हल्स घेतल्या. दोन दिवस उन्हात गेले. कंत्राटदार तेव्हा ठरलेला नव्हता, त्यामुळे लेव्हल बुकावर सही एकट्या माझी. मग काम लांबलं, पावसाळा होऊन गेला. ऑक्टोबरमध्ये ड्रोनवाले आले तेव्हा प्लॉटभर गुडघ्याच्या वर गवत माजलं होतं. ते काढून घ्या असं मी म्हटलं. 'दोन दिवस कशाला घालवायचे, सॉफ्टवेअर काढतं ते,' असं उत्तर आलं.

सॉफ्टवेअर एकटं झाड काढतं, उभी गाडी काढतं, कारण शेजारी उघडी जमीन दिसत असते. सलग दाट गवत असेल तर खालची जमीन एकाही फोटोत आलेली नसते. जे कॅमेऱ्याला दिसलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? ते गवताच्या शेंड्यांनाच जमीन धरतं.

पहिलं आरए बिल (चालू कामाचं टप्प्याचं बिल) आलं तेव्हा आकडा मला पचेना. मी ड्रोनचा सरफेस (फोटोंवरून तयार केलेला जमिनीचा उंचीचा नकाशा) उघडला आणि लेव्हल बुक शेजारी ठेवलं. प्लॉटच्या कोपऱ्यात जुनी बोअरवेल होती, तिला सिमेंटचा कट्टा. कट्ट्याची माझी लेव्हल ५७१.२४० मीटर, ड्रोनची ५७१.२६५. अडीच सेंटिमीटरचा फरक, म्हणजे ड्रोनचं काम चोख. तिथून दहा पावलांवर, गवतात, माझी ५७०.९०५ आणि ड्रोनची ५७१.५६०. पासष्ट सेंटिमीटर! गेटजवळचा खडीचा रस्ता, कंपाउंडचा पाया, जिथं जिथं जमीन उघडी होती तिथं दोघांचं जुळत होतं. गवत आलं की जुळत नव्हतं. खोदायच्या भागात साधारण ६,००० चौरस मीटर गवताखाली होते आणि तिथला सरासरी फरक ६० सेंटिमीटर. गुणाकार करा, ३,६०० घनमीटर होतात. खोदलेला मुरूम फुगतो हे धरलं तर तीनशेवर हायवा (मोठे डंपर) भरतील इतकी माती, जी त्या प्लॉटवर कधी नव्हतीच.

हे सगळं मी प्रोजेक्ट मॅनेजरांसमोर मांडलं. ते म्हणाले, 'तुझे शंभर पॉइंट आणि ड्रोनचे लाखो. कुणाचं धरू? आणि तुझ्या बुकावर कंत्राटदाराची सही कुठाय?' बिल ड्रोनच्या रिपोर्टवर पास झालं. दोन महिन्यांत माझी बदली दुसऱ्या साइटवर झाली आणि माझ्या नावापुढं 'ड्रोनला विरोध करणारा' असा शिक्का बसला.

सहीबद्दल ते बरोबर होते, ती चूक माझी. कंत्राटदार नेमल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या इंजिनिअरला घेऊन निदान वीस लेव्हल्स पुन्हा तपासायला हव्या होत्या. पण पॉइंट लाखो आहेत म्हणून ते जमिनीवरचेच आहेत, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. ड्रोनला मी कधीच विरोध केला नाही. स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोननंच मोजतात. आमच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत सुरुवातीचा प्रयोग झाला होता. तिथंही उड्डाणाआधी घरांच्या हद्दी चुन्यानं आखून घेतात. आधी जमिनीवरचं काम, मग वरून फोटो.

आता तुमचं. पॅकेजवाल्याला विचारा की जीसीपी (ड्रोनचा नकाशा जमिनीशी जुळवायच्या जमिनीवरच्या खुणा) किती लावणार आणि ते डीजीपीएसनं (अचूक जीपीएसनं) घेणार का. त्याखेरीज चार-पाच चेक पॉइंट (पडताळणीच्या जागा) तुमच्या माणसानं तुमच्या टीबीएमवरून (साइटवरच्या ठरलेल्या उंचीच्या खुणेवरून) घ्यावेत आणि त्यांचे आकडे रिपोर्ट येईपर्यंत ड्रोनवाल्याला देऊ नयेत. दुसरं म्हणजे मुरूम संपून खडक लागला की त्या दिवशी काम थांबवून उड्डाण करायचं आणि जॉइंट सही घ्यायची. खडकाचा दर मुरुमाच्या कितीतरी पट असतो, आणि एकदा खोदून झालं की मुरूम कुठं संपला हे कुठलाच ड्रोन सांगू शकत नाही. तिसरं, खड्ड्यात पाणी साचलं असेल तर आधी उपसा. पाण्याखालचा तळ फोटोतून मोजता येत नाही. ही तिन्ही कलमं वर्क ऑर्डरमध्येच घाला. नंतर कुणी ऐकत नाही.

वर्षभराचं मात्र मी घेणार नाही. खोदाई आणि भराव चालू असेतोवर घ्या. स्लॅब वर यायला लागले की महिन्याचे फोटो मालकाला दाखवायला बरे, बिलाला त्यांचा फारसा उपयोग नाही. अर्थात माझा अनुभव मातीकामाचा आहे. फसाडच्या (इमारतीच्या दर्शनी भागाच्या) तपासणीसाठी ड्रोन वापरणाऱ्यांचं मत वेगळं असू शकेल. लायडार (लेझरनं अंतर मोजणारं यंत्र) लावलेला ड्रोन गवतातून काही प्रमाणात जमीन पकडतो, पण तो महाग पडतो आणि गवत कापायला दोन मजूर पुरतात. आणि हो, तुमची साइट लोहगाव विमानतळाच्या जवळ असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा ड्रोन-उड्डाणाचा नकाशा बघा. २०२१ च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगी लागते, त्याहून जवळ तर कुठल्याही उंचीला.

प्लॉटवर आत्ता गवत आहे का ते लिहा. असेल तर ड्रोनवाल्याला तारीख देण्याआधी ते कापून घ्या आणि कंत्राटदाराच्या इंजिनिअरला त्या दिवशी साइटवर बोलवा.