कार्डिनल टेट्रा निसर्गात कुठे आणि कशा पाण्यात राहतो? जंगलातून पकडलेले मासे विकत घेणं चुकीचं आहे का?

टाकीत पाळला जाणारा हा मासा मूळचा ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीच्या खोऱ्यातला, आणि ओरिनोको नदीच्या वरच्या भागातलाही.

रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. पाणी गढूळ नसतं, कोऱ्या चहासारखं तांबूस असतं. कुजणाऱ्या पाचोळ्यातली टॅनिन आणि ह्युमिक आम्लं त्यात उतरलेली असतात. क्षार जवळपास नाहीतच, सामू (pH) ४-५ च्या आसपास, म्हणजे पाणी बरंच आम्लधर्मी. मी पहिल्यांदा हे मासे आणले आणि सरळ जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात सोडले. आठवड्याभरात निम्मे गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण आधी विचारायला हवं होतं ते तुम्ही आता विचारताय.

नकाशावर मोठी नदी दिसते, पण हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा मासा तिच्या मुख्य धारेत फारसा नसतो. तो असतो जंगलातल्या उथळ, सावलीतल्या ओढ्यांत. मनौस शहराजवळ नदीची पातळी वर्षभरात साधारण १० मीटर वरखाली होते. पूर आला की जंगलच पाण्याखाली जातं आणि मासे झाडांच्या बुंध्यांमधून फिरत बारीक जीव टिपतात. त्या काळोख्या पाण्यात त्यांच्या अंगावरचा निळा पट्टा कसा झळकत असेल!

पाणी ओसरलं की कित्येक मासे डबक्यांत अडकतात आणि डबकी आटली की मरतात. निसर्गात बहुतेकांचं आयुष्य वर्षभराचंच. टाकीत नीट सांभाळले तर चार-पाच वर्षंही जगतात. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर आहे: नाही. रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावाच्या परिसरातले मासेमार, त्यांना तिथे पियाबेरो म्हणतात, होडीतून जाऊन हातजाळ्यांनी हे मासे धरतात. जंगल उभं राहिलं तरच मासे मिळणार, त्यामुळे झाडं तोडण्यापेक्षा ती राखण्यात त्यांचा फायदा असतो. १९८९ पासून 'प्रोजेक्ट पियाबा' हा प्रकल्प याच विचारानं तिथे काम करतोय.

फक्त विकत घेताना मासे जंगलातले की पैदास केंद्रातले, हे विचारा. जंगलातल्यांना मृदू, म्हणजे कमी क्षारांचं पाणीच लागतं. केंद्रातले थोडं जड पाणीही सोसतात. दोघांनाही मंद उजेड आणि तळाशी बदामाची वाळलेली पानं द्या. आणि किमान दहा-बारा एकत्र ठेवा, एकटादुकटा कार्डिनल कोपऱ्यात दबून बसतो.