गोकर्णाच्या बियांतले सायक्लोटाइड: कार्ट्रिजमधून काहीच का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गोकर्णाच्या बियांतून सायक्लोटाइड (टोकं जोडलेली, वलयाकार लहान प्रथिनं म्हणजे पेप्टाइड) काढायचे आहेत. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या इन्स्टिट्यूट फॉर मॉलेक्युलर बायोसायन्समध्ये डेव्हिड क्रेक यांच्या गटाने रुळवलेली पद्धत वापरली, पण सी-१८ कार्ट्रिजमधून (जलविरोधी रेणू धरून ठेवणारी गाळणनळी) शेवटी काहीच मिळालं नाही.

घोटाळा बहुधा कार्ट्रिजच्या आधीच झालाय. अर्क ५० टक्के ॲसिटोनायट्राइल आणि १ टक्का फॉर्मिक आम्लात काढलात आणि तसाच वर ओतलात. एवढ्या ॲसिटोनायट्राइलमध्ये पेप्टाइड सी-१८ ला धरतच नाही, सरळ खाली जातं. ते फेकलं नसेल तर माल त्यातच सापडेल.

पुन्हा करताना: ५ ग्रॅम बियांची बारीक पूड आधी हेक्झेनने धुवा, बियांत तेल असतं आणि ते कार्ट्रिज तुंबवतं. मग तेच ५० टक्के ॲसिटोनायट्राइलचं द्रावण १०० मिली घालून रात्रभर हलवत ठेवा, गाळा, रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) ४० अंशांच्या आसपास ॲसिटोनायट्राइल उडवा आणि १ टक्का फॉर्मिक आम्लाने पातळ करा. राहिलेलं ॲसिटोनायट्राइल ५ टक्क्यांच्या आत हवं. कार्ट्रिज आधी मिथेनॉलने, मग १ टक्का फॉर्मिक आम्लाने भिजवून घ्या, मध्ये कोरडं पडू देऊ नका. २० टक्के ॲसिटोनायट्राइलने धुवा (हे धुवणही बाजूला ठेवा, कमी जलविरोधी पेप्टाइड त्यात येऊ शकतात), ८० टक्क्यांनी उतरवा. निळी फुलं मात्र टाळा, त्यांतली रंगद्रव्यं शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाहीत.

एचपीएलसीत (घटक वेगळे करणारं यंत्र) टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल) घालून ॲसिटोनायट्राइलचा मिनिटाला १ टक्का असा संथ चढ द्या आणि २१४ नॅनोमीटरवर बघा. फक्त २८० वर बघणारे फसतात: ट्रिप्टोफॅन, टायरोसिन दोन्ही नसतील तर तिथे जवळपास काहीच दिसत नाही. सायक्लोटाइड बहुतेक उशिरा उतरतात.

आता खरा मुद्दा. माल्डीवर (रेणूचं वस्तुमान मोजणारं यंत्र) २८०० ते ३८०० डाल्टनमध्ये शिखर दिसलं म्हणजे सायक्लोटाइड मिळाला असं नव्हे. ४४-४४ च्या अंतराने शिखरांची रांग दिसली तर ते पॉलिएथिलीन ग्लायकॉल, साबणातून किंवा प्लास्टिकातून आलेलं. पुरावा दोन पायऱ्यांत मिळतो. पहिली: १०० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट, पीएच ८, त्यात १० मिलिमोलर डीटीटी (सिस्टीन या अमिनो आम्लांमधले डायसल्फाइड पूल तोडणारं रसायन), ६० अंशांवर अर्धा तास. मग अल्किलीकरण, म्हणजे मोकळ्या झालेल्या सिस्टीनना टोपी घालणं: २५ मिलिमोलर आयोडोॲसिटामाइड, अंधारात, खोलीच्या तापमानाला अर्धा तास. सहा सिस्टीन असतील तर वस्तुमान ३४८ ने वाढतं (दर सिस्टीनला ५८). काहीच वाढलं नाही तर बहुधा नमुन्यात टीएफए उरून पीएच खाली आलाय. बफर घातल्यावर पट्टीने तपासा, दोन मिनिटांचं काम. वाढीत ५७ चा जादा टप्पा दिसला तर आयोडोॲसिटामाइड जास्त झालं किंवा जास्त वेळ राहिलं.

दुसरी पायरी: एंडोप्रोटीनेज ग्लू-सी, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी साखळी कापणारं एन्झाइम. सायक्लोटाइडमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या सिस्टीनमध्ये ग्लुटामिक आम्ल जवळजवळ ठरलेलं. बांगडी एका जागी फोडली तरी तुकडा एकच राहतो, तसं वलय एकदा कापलं की फक्त पाण्याचा एक रेणू जोडला जातो: मूळ वस्तुमानापेक्षा एकूण ३६६ ने जास्त. सरळ साखळी असती तर दोन लहान तुकडे पडले असते. दुसरं ग्लुटामिक आम्ल असलं तर वलयाचेही दोन तुकडे होतील, तेव्हा त्यांची बेरीज करून बघा. हे कापणं अल्किलीकरणानंतरच करा: तीन डायसल्फाइड पूल शाबूत असताना एन्झाइमला आत शिरायला वावच नसतो. एडमन पद्धतीने (अमिनो टोकाकडून एकेक अमिनो आम्ल काढत) क्रम वाचायच्या नादी लागू नका. वलयाला मोकळं अमिनो टोकच नाही, यंत्र कोरं उत्तर देईल. क्रमासाठी कापलेल्या तुकड्यावर टँडम मास (तुकडा आणखी फोडून वस्तुमानं मोजणं) करा, पण ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वस्तुमान सारखं असल्याने त्यांच्यातला फरक त्यातून ठरत नाही.

गोकर्णावर २०११ मध्ये क्रेक यांच्या गटाने दाखवलं की तिथे सायक्लोटाइड शेंगवर्गातल्या अल्ब्युमिन जनुकाच्या आतच बसलेला आहे. म्हणजे तुमच्याकडे आरएनएचा डेटा असेल तर अल्ब्युमिन-१ सारखे क्रम शोधा आणि ल्युसिन-आयसोल्युसिनचा तिढा तिथेच सोडवा.

बिया ब्रिस्बेनला पाठवायचा विचार असेल तर थांबा. परदेशी संस्थेला भारतीय जैवसंसाधन द्यायचं तर जैवविविधता कायदा २००२ नुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी काढावी लागते. शिवाय ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम वेगळे, आणि बियांच्या बाबतीत ते फार कडक आहेत.