आंट, पण कोणती?

"मॅडम, आम्ही घरात मराठी बंद केली तर चालेल का?"

समुपदेशन करताना परदेशी गेलेल्या आईवडिलांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की व्हिडिओ कॉल सुरू झाल्यावर पाच मिनिटांत तो येणार हे आता मला कळतं. विचारणारे कधी जर्मनीतले असतात, कधी नेदरलँड्समधले, अलीकडे बरेचदा स्वीडनमधले. काळजी तीच. मुलाला तिथली भाषा जमत नाही, शाळेत मागे पडतंय, तीन भाषांचं ओझं होतंय, तर एक कमी करू. आणि कमी करायची वेळ आली की पहिली आठवते ती मराठीच.

याला नुसतं "नका करू बंद" म्हणून भागत नाही. म्हणून स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. मुलाला आपण चिनू म्हणू.

चिनू दहा वर्षांचा, चौथीतला. दीड वर्षापूर्वी बाबांच्या नोकरीमुळे हे कुटुंब पुण्याहून तिकडे गेलं. पुण्यात तो इंग्लिश मीडियमला होता, त्यामुळे शाळेत बाकी काही अडलं तरी इंग्रजीत तो पुढे असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. आणि तो अडला नेमका इंग्रजीतच. स्वीडनच्या शाळांमध्ये इंग्रजीच्या शब्दांची यादी घरी अभ्यासाला देतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा स्वीडिश अर्थ. या शब्दांना तिकडे ‘ग्लोसूर’ म्हणतात. चिनूच्या वर्गात सोमवारी दहा शब्द मिळायचे आणि शुक्रवारी त्यांची परीक्षा व्हायची. या परीक्षेला ‘फोरहोर’ म्हणतात. पोलीस करतात त्या चौकशीलाही स्वीडिशमध्ये हाच शब्द आहे. चिनूला दहापैकी कधी चार मिळायचे, कधी तीन. हळूहळू शुक्रवारी सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं.

पहिल्या कॉलवर आईबाबा दोघं होते. बाबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आम्ही निर्णय घेतलाय मॅडम. महिनाभरापासून घरात स्वीडिशच. नाहीच जमलं तर इंग्रजी. मराठी नाही."

"तुम्हाला स्वीडिश कितपत येतं?"

"ऑफिसात इंग्रजी चालतं. पण शिकतोय."

"आणि तुम्हाला?" मी आईला विचारलं.

"मी क्लासला जाते. दुकानापुरतं येतं." मग थांबून म्हणाली, "खरं सांगू का, घरात आता कुणी फार बोलतच नाही."

मी बाबांना विचारलं, "चिनूवर रागावता तेव्हा कोणत्या भाषेत रागावता?"

ते थोडं हसले. "तेव्हा मराठीच येते तोंडात."

"आणि कौतुक करता तेव्हा?"

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. महिनाभरात त्या घरात मराठी उरली होती ती फक्त रागावण्यापुरती, आणि हे त्यांना त्या क्षणी स्वतःचं स्वतः दिसलं. मी सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझं काम उभं आहे. ती समजावून सांगायला मराठीत एक अक्षर पुरतं, ‘च’. "मुलाला भाषा यावी" ही इच्छा झाली. "यायलाच हवी, आत्ताच, नाहीतर त्याचं कसं होणार" हा हट्ट झाला. इच्छेमुळे माणूस मार्ग शोधतो, हट्टामुळे घाबरतो. बाबा घाबरले होते. मुलाच्या भवितव्याच्या काळजीनेच घाबरले होते, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. पण ‘च’ पकडला म्हणजे काम संपलं असं मला त्या दिवशी वाटलं, ते मात्र अपुरं होतं. मुलाचा कागद मी अजून पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या वेळी चिनू एकटा बसला. आई मागून म्हणाली, "मावशींशी बोल हं नीट." तो मान खाली घालून बसला होता. मी म्हटलं, "शुक्रवारचा कागद दाखवतोस? मार्क झाकून धर, मला नुसते शब्द बघायचेत."

त्याने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. ‘चाइल्ड’ या इंग्रजी शब्दापुढे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. खाली पुसट दिसत होतं, बी-ए-आर-एन.

"हे का खोडलंस? बरोबर होतं की."

"ते तर बार्न आहे. गायी ठेवतात ते. इंग्लिश शब्द आहे तो."

"वर्गात टीचर मुलांना काय म्हणतात?"

"बाण," तो लगेच म्हणाला.

स्वीडिशमध्ये ‘आर’पाठोपाठ ‘एन’ आला की अनेक भागांत दोन्ही मिळून आपल्या ‘ण’सारखा उच्चार होतो. लिहायचं बार्न, म्हणायचं जवळजवळ बाण. मराठी जिभेला हा ण आयता येतो. चिनूच्या कानाला तो शब्द दीड वर्ष माहीत होता. पण कागदावर उतरवला की त्याला त्यात पुण्यात शिकलेला गोठा दिसायचा. म्हणजे त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं, उलट तेच मध्ये उभं राहत होतं.

मग खाली ‘आंट’. पुढे रिकामं.

"आंट माहितीये ना तुला?"

"माहितीये. पण कोणती?" पहिल्यांदाच तो जरा चिडून बोलला. "यादीत एका आंटपुढे दोन शब्द दिलेत. फास्तेर आणि मुस्तेर. मी पाठ करतो आणि शुक्रवारी उलटे होतात."

"तुला आंट किती आहेत?"

"तीन. साताऱ्याची आत्या आणि दोन मावश्या."

"बाबांना स्वीडिशमध्ये काय म्हणतात?"

"पापा. फार पण म्हणतात."

"बहिणीला?"

"स्यूस्तेर." एवढं बोलून तो थांबला. मी घाई केली नाही. ओठ हलत होते, फार, स्यूस्तेर, फार, स्यूस्तेर. मग तो खुर्चीतून उठलाच. "फास्तेर म्हणजे आत्या!" स्क्रीनवर रिकामी खुर्ची दिसत राहिली आणि आतून आवाज आला, "आई, यांच्याकडे पण आत्या असते!"

इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय, तरी ते वाक्य ऐकताना माझे डोळे भरून आले. दीड वर्ष तो ज्या भाषेच्या बाहेर उभा होता, त्या भाषेत त्याला स्वतःची आत्या सापडली होती. तो परत आला आणि बाकीचं त्यानेच लावलं. मूर म्हणजे आई, तिची बहीण मुस्तेर, म्हणजे मावशी. फारब्रूर काका, मुरब्रूर मामा. आईची आई मुरमूर, यावर तो "मुरमुरे!" म्हणून खूप हसला. जाता जाता मला विचारलं, "मग तुम्ही माझी मुस्तेर का?"

इंग्रजीने काका, मामा, आत्या, मावशी यांना दोन शब्दांत गुंडाळलं. स्वीडिशने मराठीसारखी चारही नाती वेगळी ठेवली. चिनू मराठीकडून गेला असता तर एका पावलात पोचला असता. आम्ही त्याला इंग्रजीच्या वाटेने पाठवत होतो आणि घरातली सरळ वाट महिन्यापूर्वी बंद करून टाकली होती.

आता जे आईबाप हाच प्रश्न घेऊन येतील त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

आधी मुलाचा कागद बघा. इंग्रजी-स्वीडिश यादीत मूल अडतं तेव्हा ते डाव्या रकान्यात अडतंय की उजव्या, हे मार्कांवरून कळत नाही. शिक्षकांना भेटून शांतपणे सांगा की याला इंग्रजी अर्थ येतो, स्वीडिश प्रतिशब्द येत नाही. अर्थ चित्राने किंवा इंग्रजी वाक्याने दाखवू द्याल का, असं विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरं, वहीत तिसरा रकाना आखा आणि तो मधोमध आखा. इंग्रजी, मराठी, स्वीडिश. चिनूच्या आईने हे केलं आणि तिचा स्वतःचा क्लासही सोपा झाला. इंग्रजी ‘थिंक’ला स्वीडिशमध्ये तीन क्रियापदं आहेत आणि ती तिला कधीच जमत नव्हती. मध्ये मराठी लिहिल्यावर घोळ सुटला. तेंका म्हणजे विचार करणं, त्यूका म्हणजे ‘माझ्या मते’ असं वाटणं, त्रू म्हणजे खात्री नसताना वाटणं. ‘परवा’लाही तिकडे सुटसुटीत शब्द आहेत, येणाऱ्याला वेगळा आणि गेलेल्याला वेगळा. रोजच्या इंग्रजीत त्यासाठी चार-पाच शब्द जोडावे लागतात. स्वीडिश नामांना ‘एन’ आणि ‘एत’ अशी दोन लिंगं आहेत. ते मूल, ते घर, ते झाड, ते पाणी, हे चारही तिकडे ‘एत’ गटातच बसतात. दर वेळी असं जुळत नाही, पुस्तक तिकडे ‘एन’ आहे. पण वस्तूला लिंग असतं हेच मराठी मुलाला नवं नसतं, हा केवढा आधार आहे!

जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये हीच गोष्ट मांडली होती. एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते, भाषा डोक्यात एकमेकींची जागा अडवत नाहीत. त्यांच्याच अभ्यासातून आलेला एक हिशेब मी प्रत्येक पालकाला सांगते. खेळातली, गप्पांमधली भाषा साधारण दोन वर्षांत येते, पुस्तकातली यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. दीड वर्षात मूल मागे आहे असं ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि स्वीडनमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक विचारून बघावं. तिथल्या शाळांत १९७७ पासून मातृभाषेच्या शिकवणीची सोय आहे. साधारणपणे नगरपालिकेच्या हद्दीत त्या भाषेची पाच मुलं हवीत आणि योग्य शिक्षक मिळायला हवा. शाळेचे विषय मातृभाषेतून समजावून देणारी मदतही मागता येते. चिनूच्या बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्या भाषेला ते घरातून काढत होते, तिच्यासाठी तिथल्या कायद्याने जागा ठेवली होती. हे ऐकून ते म्हणाले, "मग आता पाच मुलं शोधतो." त्या वाक्यात हट्टाचा ‘च’ नव्हता.

पुढच्या शुक्रवारी सहा मिळाले, त्यानंतर पाच, मग आठ. मी मार्कांकडे फार बघत नाही. पोटदुखी थांबायला तीन आठवडे लागले, ते मला महत्त्वाचं वाटतं.

शेवटच्या कॉलवर चिनूने वही दाखवली. नात्यांचं पान भरलं होतं, फक्त मामीच्या ओळीत स्वीडिशचा रकाना रिकामा होता. "मामीला यांच्यात शब्दच नाहीये," तो म्हणाला, जरा काळजीने. मग त्याने पेन्सिलीने तिथे ‘मुरब्रूर्स फ्रू’, म्हणजे मामाची बायको, असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. सोमवारी टीचरना विचारणार होता.