चित्रंच काढायची होती, तर डिप्लोमा कशाला केला?

भोसरीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगला तिला 'ए' श्रेणी मिळाली होती. चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला असताना पंपाच्या सर्व्हिस मॅन्युअलसाठी थ्रीडी मॉडेलवरून रेषाचित्रं करण्याचं काम तिच्याकडे आलं. एक्सपोर्ट केलेल्या चित्रांत रेषांचा नुसता गुंता, तरी ती त्यात रमली. आता म्हणते, हेच करायचं. वडील फिटर आहेत. त्यांचा प्रश्न मी वर मथळ्यात दिलाय.

ताई, डिप्लोमा वाया जात नाही, उलट या कामात तोच उपयोगी पडतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन कंपन्यांना सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग लागतातच. हिंजवडीतल्या काही इंजिनिअरिंग सर्व्हिस कंपन्या हेच काम परदेशी ग्राहकांसाठी करतात. नोकरीच्या जाहिरातींत 'टेक्निकल इलस्ट्रेटर' किंवा 'टेक्निकल पब्लिकेशन्स' असं शोधा. जागा डिझाइनपेक्षा कमी असतात आणि सुरुवात बऱ्याचदा कंत्राटावर होते, हे मात्र आधीच धरून चाला.

तिच्या गुंत्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण या कामाची खरी परीक्षा तिथेच आहे. मॉडेलमध्ये प्रत्येक फिलेटच्या, म्हणजे गोल केलेल्या कोपऱ्याच्या, दोन्ही कडांना टँजंट एज असते, म्हणजे गोलावा शेजारच्या भागाला अलगद मिळतो तिथली रेषा. ती तशीच एक्सपोर्ट झाली, की जिथे डोळ्याला नुसता गोलावा दिसतो तिथे दोन-दोन रेषा उमटतात. बोल्टचे आटे खरेखुरे मॉडेल केले असतील, तर एका बोल्टवर रेषांचं जाळं होतं. व्ह्यू ड्राफ्ट क्वालिटीत, म्हणजे कच्च्या दर्जात, राहिला, तर वर्तुळाऐवजी बारीक सरळ तुकडे हाती येऊ शकतात. शेडेड व्ह्यू तर बऱ्याचदा व्हेक्टर, म्हणजे बदलता येणाऱ्या रेषांचं चित्र, न राहता पिक्सेलचं चित्र होऊन बसतो.

हे सगळं इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून एकेक रेषा पुसत निस्तरता येतं, पण तिने तसं करू नये. पुढच्या महिन्यात डिझाइन बदललं, की ती सगळी मेहनत पाण्यात. कॅडमध्येच, म्हणजे मॉडेल ज्यात बनतं त्या सॉफ्टवेअरमध्येच, टँजंट एज बंद करायच्या, हिडन लाइन (मागे झाकलेल्या कडांच्या रेषा) काढून टाकायच्या, आटे आणि आतले न दिसणारे भाग सप्रेस करायचे, म्हणजे तात्पुरते वगळायचे, व्ह्यू हाय क्वालिटीत घ्यायचा आणि मगच एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची फाइल) किंवा पीडीएफ काढायची. इंकस्केपमध्ये आउटलाइन मोड (रंग आणि जाडी न दाखवता नुसत्या रेषा) लावला, की एकावर एक बसलेल्या रेषा आणि तुटलेली वर्तुळं लगेच दिसतात. शेवटी जाडी ठरवायची. बाहेरची कड आतल्या रेषांच्या दुप्पट जाड, म्हणजे ०.७ आणि ०.३५ मिमी, असं ठेवलं की भाग कागदावरून उठून दिसतो.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. कोणती रेषा ठेवायची, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. सर्क्लिप (भाग जागेवर अडकवून ठेवणारी कडी) कुठल्या बाजूने निघते, ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) कुठे बसते, पाना कुठून घालायचा, हे ज्याला कळतं त्यालाच मशीन कोणत्या कोनातून दाखवायचं ते कळतं. नुसतं एक्सपोर्टचं बटण दाबणाऱ्या माणसाचं काम आता सॉफ्टवेअरच करू लागलंय, त्यामुळे तेवढ्या भरवशावर करिअर उभं करू नका.

तिला नमुन्याची चित्रं लागतील. कारखान्यातली चित्रं लेखी परवानगीशिवाय कोणाला दाखवू नयेत. त्याऐवजी कॉलेजच्या वर्कशॉपमधला बेंच व्हाइस (काम घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) घ्यावा. तो फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करावा, ते मोफत आहे. मग त्याचा एक एक्सप्लोडेड व्ह्यू (सगळे भाग सुटे करून दाखवणारं चित्र), नंबरचे बलून, म्हणजे भागांकडे बोट दाखवणारी नंबरची वर्तुळं, लावून पार्ट्स लिस्ट, आणि स्क्रू बाहेर काढण्याच्या पायऱ्या, इतकं करावं. ही पानं आधी तिच्या वडिलांपुढे ठेवा. एक शब्दही न सांगता, फक्त चित्रं बघून त्यांना व्हाइस खोलायला सांगा. ते जिथे अडतील, ते चित्र तिने नव्याने काढावं.